सरीच्या टोकाशी

राजारामपुरीतून घरी पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. आबांनी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि रोजच्यासारखी स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसले. मी चहाचं आधण ठेवलं आणि ते मोठं पांढरं पाकीट उघडलं. एमआरआयची फिल्म वाचण्याइतकं मला कळत नाही, पण पाकीट तसंच बंद ठेवून देणंही जमेना. फुलेवाडीतल्या आमच्या घराला पश्चिमेचा उजेड भरपूर येतो. त्या उजेडावर फिल्म धरली. काळ्या पत्र्यासारख्या कागदावर वीस चौकोन, आणि प्रत्येकात अक्रोड मधोमध कापावा तसा मेंदू. "हे माझं डोस्कं व्हय?" आबांनी मागून विचारलं. मी हो म्हटलं. ते उठले, चष्मा नाकावर नीट बसवला आणि बराच वेळ बघत राहिले. मग वरच्या ओळीतल्या एका चौकोनावर नख टेकवून म्हणाले, "ह्या सऱ्या कुणी पाडल्या गं? पाणी सोडलंय की ह्यांच्यात."

मी वाकून बघितलं. खरंच तिथे बारीक पांढऱ्या रेघा होत्या, मधल्या भागातून कडेकडे गेलेल्या, जवळजवळ सारख्या अंतरावर. रिपोर्टच्या चौथ्या ओळीत त्यांचं नाव होतं: पेरिव्हॅस्क्युलर स्पेसेस, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भोवतीच्या मोकळ्या जागा, आणि त्या रुंदावलेल्या. त्या पद्धतीच्या फिल्ममध्ये पाणी पांढरं दिसतं, हे मला नंतर वाचून कळलं. म्हणजे ते पाणीच होतं. सकाळी नातवाला तीनदा "तू कुणाचा रं?" असं विचारणाऱ्या माणसाने, रिपोर्टचं एक अक्षर न वाचता, स्वतःच्या मेंदूतलं पाणी ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. बोलायला चांगले होते, पण बाहेर तीसेक माणसं ताटकळत बसलेली. "वयानुसार होतं हे. बीपी किती वर्षं आहे?" मी म्हटलं, साठीत कळलं, त्याआधी कधी तपासलंच नव्हतं. त्यांनी मान हलवली, गोळ्या लिहून दिल्या. सऱ्यांबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मलाही काय विचारावं ते सुचलं नाही.

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. मेंदूभोवती मस्तिष्क-मेरू द्रव असतो, तो मेंदूला धक्क्यांपासून जपतो, हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा फळ्यावर लिहिलंय की त्यातलं पाणी मला दिसेनासंच झालं होतं. मोठ्या माणसात हा द्रव साधारण 150 मिलिलिटर असतो, जेमतेम एक कपभर. पण दिवसाला तयार होतो तो 500 मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे दिवसातून तीन-चारदा जुना जातो आणि नवा येतो. सुमारे 1400 ग्रॅमचा मेंदू त्या पाण्यात तरंगताना जेमतेम 50 ग्रॅमचा भार देतो. विहिरीतून कळशी ओढताना ती पाण्यात असेपर्यंत कशी फुलासारखी येते, आणि पाण्याबाहेर आली की खांदा उतरतो, तसं. हे सगळं मी मुलांना सांगत होते. ते पाणी जातं कुठे, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही. मी त्याची गादी करून टाकली होती, आणि गादी एका जागी पडून असते.

त्या मोकळ्या जागा माणसाला जुन्याच ठाऊक. 1851 साली जर्मनीत रुडॉल्फ विर्शोने आणि 1859 साली फ्रान्समध्ये शार्ल रोबिनने त्यांचं वर्णन करून ठेवलं, आणि आजही डॉक्टर त्यांना त्या दोघांच्या नावाने ओळखतात. रोहिण्या मेंदूच्या पृष्ठभागावरून आत शिरतात तेव्हा त्यांच्याभोवती एक पातळ पोकळी राहते. मनगटाभोवती सैल बाही असावी तशी. हातात रक्त, बाहीत पाणी. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड, जेफ्री इलिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली जिवंत उंदरांच्या मेंदूत चमकणारा रंग सोडला आणि या पाण्याची वाट पाहिली. ते रोहिणीच्या बाहेरच्या अंगाने, रक्त जातं त्याच दिशेने, खोल शिरत होतं. हृदयाचा ठोका पडला की रोहिणीची भिंत किंचित फुगते आणि बाहीतलं पाणी पुढे ढकललं जातं. बाहीच्या बाहेरच्या बाजूला ताऱ्यासारख्या फांद्या असलेल्या पेशींचे पाय चिकटलेले असतात, आणि त्या पायांवर पाण्यापुरती उघडणारी बारीक दारं असतात. या दारांना ॲक्वापोरिन म्हणतात. ती शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना 2003 सालचं नोबेल मिळालं. दारांतून पाणी पेशींच्या मधल्या फटींत उतरतं, तिथला गाळ घेतं आणि नीलांच्या कडेने, पुढे मानेतल्या लसीकावाहिन्यांकडे, म्हणजे शरीरातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांकडे, निघून जातं. या गाळातच बीटा अमायलॉइड नावाचं प्रथिन असतं, अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत ज्याचे थर साचलेले सापडतात ते.

पाण्याची दारं. हा शब्द वाचला आणि मी वाचायची थांबले.

आमच्याकडे उसाला पाणी पाजणं असं फारसं कुणी म्हणत नाही. दारं धरणं म्हणतात. "आबा कुठं गेलेत?" "दारं धरायला." पाटातून आलेलं पाणी सरीच्या तोंडाशी येतं, तिथे खोऱ्याने माती ओढून एक दार उघडायचं, ती सरी भरली की त्याच मातीने ते बंद करायचं आणि शेजारचं उघडायचं. आमचं रान भोगावतीकाठचं मळीचं. नदीवर कोल्हापुरी बंधारा, दिवाळीच्या आसपास त्याला बरगे, म्हणजे अडवायच्या फळ्या, घालायचे की मागे पाणी तुंबायचं. तिथून मोटारीने उपसा. राधानगरी धरणातून पाणी सुटलं की नदी भरून यायची. पाण्याची ददात आम्हाला क्वचितच पडली. ददात होती लाइटची. आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्रीच्या आठवड्यात आबा जेवून आडवे व्हायचे आणि लाइट यायच्या आधी, कुणी न उठवता, उठून बसायचे. बॅटरी, खोरं, खांद्यावर घोंगडं, डोक्याला मफलर. आई दाराची कडी लावून घ्यायची आणि पुन्हा झोपायची नाही, हे मला फार उशिरा कळलं.

सहावी-सातवीत असताना मी हट्टाने त्यांच्यासोबत जायचे. आई नको म्हणायची, आबा म्हणायचे, येऊ दे की. उसाच्या रानात रात्री पाणी आलेलं दिसत नाही, ऐकू येतं. आधी पाटात एक बारीक खळखळ, मग पाल्याखालून सरकणारी सळसळ, आणि सगळ्यात शेवटी तापलेली काळी माती पाणी पिते त्याचा आवाज. भेगांमधून बुडबुडे वर येतात, चर्र करून काहीतरी विरघळल्यासारखं होतं, आणि मग तो वास. पहिल्या पावसाच्या वासासारखा म्हणतात, पण तसा नाही. त्यात कुजलेला पाला आणि शेणखत असतं, तो जास्त दाट असतो. आबा चालताना खोऱ्याचा दांडा जमिनीवर आपटत जायचे, घोणस असली तर बाजूला व्हावी म्हणून. बॅटरी फार कमी लावायचे. कुठली सरी भरत आली हे त्यांना आवाजावरून कळायचं. "तुंबली बघ," म्हणायचे, आणि खरंच दोन-चार मिनिटांत टोकाकडून पाणी मागे चढायला लागलेलं असायचं.

सऱ्या लांब होत्या. एकेक भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची. त्या वेळात काय करायचं? आबा सरीच्या खालच्या टोकाला जायचे, बांधावर पोतं अंथरायचे आणि आडवे व्हायचे. उजवा पाय मात्र सरीत सोडलेला. मातीत, कोरड्या. पाणी टोकाला पोचलं की गार लागायचं आणि ते जागे व्हायचे. उठून वरच्या अंगाला जायचं, हे दार बंद, पुढचं उघडायचं, परत खाली येऊन आडवं व्हायचं, पाय पुढच्या सरीत. एका रात्रीत किती वेळा ते झोपले आणि किती वेळा पाण्याने त्यांना उठवलं, याचा हिशेब मी आत्ता कागदावर करून बघितला आणि मग कागद उलटा ठेवला. आमच्या भागातल्या कित्येक बापांनी हेच केलंय. त्यात काही विशेष आहे असं त्या वेळी कुणालाच वाटत नव्हतं. मला तर ती मोठी युक्ती वाटायची. मी पण एकदा पाय सोडून झोपले होते, आणि पाणी आलं ते मला कळलंच नाही. आबांनी उचलून नेलं.

नेडरगार्ड यांच्याच प्रयोगशाळेने 2013 साली पुढची गोष्ट मांडली. उंदीर झोपला की त्याच्या मेंदूतल्या पेशींमधली जागा सुमारे साठ टक्क्यांनी वाढते, पाणी जास्त खोल जातं, आणि अमायलॉइड जागेपणाच्या दुप्पट वेगाने निघून जातं. 2019 साली बोस्टनमधल्या एका गटाने झोपलेल्या माणसांचा मेंदू एमआरआयमध्ये पाहिला. गाढ झोपेत मेंदूच्या पेशी एका लयीत शांत होतात, थोडं रक्त मागे सरतं आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत या पाण्याची लाट येते, साधारण वीस-वीस सेकंदांनी एकेक. हे वाचताना मला पाण्याच्या पाळ्या लावणारा पाटकरी आठवला. दोघांना एका वेळी पाणी मिळत नाही. एकाची पाळी सरली की दुसऱ्याची. दिवसभर रक्ताची पाळी, आणि रात्री, माणूस गाढ झोपला तरच, या दुसऱ्या पाण्याची.

गाढ झोपला तरच.

मग माझ्या डोक्यात जे यायचं ते आलं. माझी बीएस्सी, बीएड, होस्टेलची फी, पहिला चष्मा, हे सगळं उसाच्या बिलातून झालं. बिल उसातून, ऊस पाण्यातून, पाणी रात्रीच्या लाइटीतून. मी शहरात गादीवर आठ-आठ तास झोपत होते तेव्हा ते वीस-वीस मिनिटांनी उठत होते, तीस वर्षं, वर्षातले कितीतरी आठवडे. 2018 साली अमेरिकेत वीस निरोगी माणसांना फक्त एक रात्र जागवून त्यांचे मेंदू तपासले, तर तेवढ्यानेही अमायलॉइड थोडं वाढलेलं दिसलं. एक रात्र. मी तो आकडा वाचून उठले आणि आबांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. ते टीव्ही बघत होते. काय झालं, म्हणाले. काही नाही म्हटलं.

असा सरळ हिशेब मांडायचा नसतो, हे विज्ञान शिकवणारीला कळायला हवं. एका रात्रीत वाढलेलं अमायलॉइड म्हणजे आजार नव्हे. आबांच्या रिपोर्टमधल्या रेघा वयाने रुंदावतात, आणि बरीच वर्षं अंगावर काढलेल्या रक्तदाबानेही रुंदावतात. डॉक्टरांनी बीपीच विचारलं ते उगाच नाही. 2018 सालच्या उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की रक्तदाब वाढला की रोहिणीच्या भिंतीची हालचाल बदलते, बाहीतलं पाणी पुढे जाण्याऐवजी मागेही हिंदकळतं आणि एकूण प्रवाह कमी पडतो. शिवाय झोपेत मेंदू जास्त धुतला जातो की नाही यावरच आता वाद आहे. 2024 साली लंडनमधल्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत सोडलेला रंग मोजला, तर झोपेत आणि भुलीखाली तो उलट कमी बाहेर गेलेला आढळला. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांच्या मोजण्याच्या पद्धतींवर बोट ठेवून आहेत. लंडनची ती बातमी वाचली तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आणि पाचेक मिनिटांत माझा मलाच राग आला. कसलं हायसं? त्यांच्या मेंदूचं काय व्हायचं ते झालंच होतं. मला फक्त माझ्या फीचा त्याच्याशी संबंध नको होता.

2019 च्या पुरात आबा गावातच होते, आई तेव्हा होती. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 च्या वर गेलं. आमच्या घरात ते दारातून आलंच नाही. मोरीतून आलं. आई भांडी घासत होती आणि मोरीचं पाणी जायच्या ऐवजी वर यायला लागलं, कसलाही आवाज न करता, काळं आणि गार. मी फोनवर ओरडत होते, नदी तर अजून लांब आहे म्हणताय ना? आबा शांतपणे म्हणाले, "अगं, फुग हाय ती. खाली किस्नेत जागा न्हाई, मग वरचं जाणार कुठं?" नरसोबाच्या वाडीला कृष्णा तुडुंब असली की पंचगंगा तिच्यात शिरू शकत नाही, पंचगंगा थांबली की भोगावती थांबते, ओढे थांबतात, आणि शेवटी आमची मोरी. पुढे कुठेतरी वाट अडली की पाणी मागे पसरतं आणि कडेच्या जागा रुंद होतात. मेंदूतल्या त्या रेघांबद्दलही काही संशोधकांना हीच शंका आहे: बाहेर जायची वाट मंदावते म्हणून बाह्या फुगत असाव्यात. मी हे वाचलं तेव्हा मला नवीन काही कळल्यासारखं वाटलं नाही. मोरीशी उभ्या राहिलेल्या माणसाने ते आधीच सांगून ठेवलं होतं.

बाहेरच्या वाटेचीही एक गोष्ट आहे आणि ती मला शाळेत भोवली. शरीरभर लसीकावाहिन्या असतात, मेंदूपाशी नसतात, असं मी मुलांना सांगत आले. 2015 साली उंदरांच्या मेंदूवरच्या आवरणात त्या सापडल्या. दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वर्षी दाखवल्या आणि पुढे माणसातही दिसल्या. मला हे आत्ता, आबांच्या निमित्ताने कळलं. गेल्या महिन्यात दहावीच्या वर्गात मी सांगितलं की मी तुमच्या आधीच्या मुलांना चुकीचं शिकवलंय. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग इतकी वर्षं त्या कुणाला दिसल्या कशा नाहीत?" मी म्हटलं, नाहीतच असं सगळ्यांनी धरलं होतं, म्हणून फारसं कुणी शोधलं नाही. तिचं समाधान झालं. माझं मन मात्र पहाटे पुन्हा न झोपणाऱ्या आईपाशी गेलं होतं.

आई गेल्यापासून आबा आमच्याकडे आहेत. रान चुलतभाऊ करतो, त्याने ठिबक केलंय, आता तिथे सरीच्या टोकाला कुणी झोपत नाही. आबा मात्र रात्री एकच्या सुमाराला उठतात. कधी बाल्कनीत जातात, कधी हॉलमध्ये उभे राहून विचारतात, "लाइट आली का?" सुरुवातीला मी समजावायचे, आबा, आपण कोल्हापुरात आहोत, इथे लाइट कायमच असते. ते मान डोलवायचे आणि पुन्हा तेच विचारायचे. आता मी समजावत नाही. संध्याकाळचा चहा बंद केलाय, बीपीची गोळी माझ्या हाताने देते, रात्री हॉलचा दिवा मालवून ठेवते. यातलं कशाने काय होतं मला माहीत नाही. परवा रात्री उठले तेव्हा मी म्हटलं, "आबा, आज दारं मी धरते. तुम्ही पडा." त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं, मी कोण हे आठवत असावेत. मग म्हणाले, "वरची तीन ऱ्हायल्यात. खालचं तोंड नीट बांध, फुटतंय ते." आणि जाऊन पडले.

मी थोडा वेळ त्यांच्या कॉटपाशी बसले. कानशिलावरची शीर त्या अंधुक उजेडातही हलताना दिसत होती, एका ठोक्याला एकदा, वर-खाली. श्वास आधी उथळ होता, मग लांबत गेला. पांघरुणातून उजवा पाय बाहेर आला होता, कॉटच्या कडेवरून खाली लोंबत, अंगठा जमिनीला टेकलेला. फरशी गार होती. मी पाय हलकेच उचलून पांघरुणात घेतला. दोनेक मिनिटांनी, झोपेतच, त्यांनी तो परत बाहेर काढला आणि खाली सोडला.